गाळलेली अक्षरं

हालांडच्या किनाऱ्यावर नोव्हेंबरात
दुपारी साडेतीनलाच अंधारून येतं.
मी तिथल्या तरुणांच्या दवाखान्यात परिचारिका.
माझ्या हातून नळी जाते ती प्रयोगशाळेत, इंगेयर्दकडे.
तिच्या टेबलावर पोचेपर्यंत नाव गळून पडतं,
आकडा तेवढा उरतो.

ती नळी यंत्रात ठेवते.
पंच्याण्णव अंश: गोफाचे दोन पेड सुटतात.
साठ अंश: बाहेरून सोडलेला एक आखूड धागा
आपल्या जोडीची अक्षरं हुडकत फिरतो,
सापडली की बिलगतो, आणि तिथून वीण सुरू.
एकाचे दोन, दोनाचे चार,
चाळीस फेऱ्या.
सुईच्या टोकावरही दिसलं नसतं असं काही
पडद्यावर हिरव्या रेषेची टेकडी होऊन उभं राहतं.
क्लॅमिडिया.
खुपत नाही, खाजत नाही; बहुतेकदा
घरमालकालाच पत्ता नसलेला भाडेकरू.

त्या वर्षी टेकड्या कमी झाल्या.
पोरं शहाणी झाली, रूरिक डॉक्टर म्हणाले
वेलचीचा पाव मोडताना.
आम्ही हसलो. मीसुद्धा.
इंगेयर्दनं कपात साखर ढवळली,
तिसऱ्यांदा.
एकतीस वर्षांच्या तिच्या वह्यांत
सुंठीवाचून खोकला गेल्याची
एकही नोंद नव्हती.

४४१७.
तिच्यासाठी तो आकडा. माझ्यासाठी तुवा,
वय एकवीस, हेरिंगच्या कारखान्यात रात्रपाळी,
नखांत मिठाचा वास.
तीनदा आली. तिन्ही वेळा ओटीपोट धरून.
तिन्ही वेळा रेष सपाट,
आणि तिन्ही वेळा मी, याच तोंडानं:
काही नाही गं, स्वच्छ आहेस.
हॅम्पस तिला म्हणायचा, तुला दुखायची सवयच आहे.
शेवटच्या चिठ्ठीवर, रकाना नसताना,
मी कोपऱ्यात लिहिलं,
मुलगी म्हणते, आत कुणीतरी आहे.

ते इंगेयर्दनं वाचलं.
उरलेला थेंब तिनं दुसऱ्या शहरात धाडला,
जिथलं यंत्र याच जंतूला
दुसऱ्या जागी हात लावून ओळखतं.

चौथ्या दिवशी उत्तर:
आहे.
चांगला ठाण मांडून आहे.

त्याच्या पोटात एक बारकं कडं असतं,
त्यावरची ठरावीक ओळ म्हणजे तो,
असं यंत्राला शिकवलेलं.
यानं नेमकी तेवढीच ओळ गाळली होती,
पावणेचारशेच्या आसपास अक्षरं.
गालावरच्या तिळावरून चोर धरायचे
आणि हा जन्मलाच बिनतिळाचा.
कावा नाही, खटपट नाही.
नक्कल उतरवताना झालेली एक चूक,
बाकी सगळं आम्ही केलं:
तीळवाले शोधले, गोळ्या दिल्या, संपवले,
आणि याला रान मोकळं करून दिलं,
वर शिक्का मारून.

इंगेयर्द फोनवर एवढंच म्हणाली,
जुने नमुने फ्रीजमध्ये आहेत. सगळे काढतेय.

मी तुवाला फोन लावला.
मागे पट्ट्याची घरघर, कुणीतरी शिट्टी वाजवत होतं.
सांगितलं. कागद खोटं बोलला नव्हता,
आम्ही विचारलं तेवढ्याचंच उत्तर त्यानं दिलं,
असलं काहीतरी.
ती गप्प. घरघर चालू.
मग म्हणाली, म्हणजे माझं दुखणं खरं होतं.
हो.
पुन्हा घरघर.
गर्भाशयाच्या नळ्यांचं ती विचारेल म्हणून
मी उत्तर जुळवून ठेवलं होतं,
अर्धंमुर्धं.
तिनं विचारलं, गोळ्या दुधाबरोबर चालतील?
नको, म्हटलं, पाण्याबरोबर. पोटभर खाऊन.
आणि हॅम्पसलाही द्याव्या लागतील.
त्याला तुम्हीच सांगा, ती म्हणाली,
माझं कुठे खरं वाटतं त्याला.

बाहेर वाऱ्यानं सायकली आडव्या पाडल्या होत्या.
यादी दोन पानी होती.
मी हॅम्पसचा नंबर फिरवला.
उचलेना.